नऊ बाराला कोण ऑनलाइन होतं?

परवा मिरजेत एका लग्नात पंगतीला बसलो होतो, तर शेजारच्या पाहुण्यांचा पोरगा हळूच विचारतोय, तुम्ही नेटच्या ऑफिसात होता ना, टोरेंटवरनं पिक्चर काढला तर नेटवाला आपलं नाव देतो का हो कुणाला. जिलेबी हातात तशीच. मी म्हटलं देतोही आणि नाहीही, तू जेव आधी. पण तेव्हापासनं बाईंचा किस्सा डोक्यात फिरायलाय, तो एकदा लिहूनच टाकतो.

आमचा एक चुलतभाऊ आहे, घरात सगळे त्याला दादाच म्हणतात, त्याचा विश्रामबागेकडं नेटचा धंदा आहे. आधी केबल होती, मग केबलवाल्यांनीच नेट द्यायला सुरवात केली, मग फायबर आलं. खांबावर चढून वायर ओढणारी पोरं आता फायबर जोडायचं स्प्लायसिंगचं मशीन पाठीला लावून फिरतात. मी तिथं काही वर्षं संध्याकाळी बसायचो. बिलं, केवायसीचे फॉर्म, "नेट स्लो चाललंय" वाले फोन, आणि कृष्णेला पाणी वाढलं की "लाईन कधी येणार" वाले फोन. त्यातच एक ईमेल बघायचं काम होतं. कंपनीचा अब्यूज नावाचा एक मेल आयडी असतो, तक्रारींसाठी. त्यात नव्वद टक्के कचरा यायचा आणि अधनंमधनं इंग्रजीत लांबलचक नोटीस यायची. आम्ही अमुक पिक्चरच्या मालकाच्या वतीनं लिहितोय, तुमच्या ह्या आयपी पत्त्यावरनं अमुक तारखेला अमुक वाजता आमचा पिक्चर वाटला गेला, तरी त्या ग्राहकाची माहिती आम्हाला कळवावी. खाली सही नाही, कोर्टाचा शिक्का नाही, फक्त एक लोगो आणि "तातडीचे".

हे त्यांना कळतं कसं, तर त्यात जादू काही नाही. टोरेंटवर तुम्ही पिक्चर उतरवताना तोच पिक्चर तुकड्यातुकड्यानं दुसऱ्यांना देतपण असता, आणि त्या घोळक्यात जेवढे असतील तेवढ्यांचे आयपी पत्ते सगळ्यांना दिसतात. ह्या एजन्सीवाल्यांचं सॉफ्टवेअर त्याच घोळक्यात जाऊन बसतं आणि पत्ते टिपून घेतं. पत्त्यावरनं कंपनी कळते, माणूस कळत नाही. माणूस फक्त नेटवाल्याच्या वहीत असतो, म्हणून मग नेटवाल्याला मेल.

तर झालं असं की मी दोन दिवस गावाला गेलो होतो आणि मेल बघायला काउंटरवर एक नवीन पोरगा होता. कामाला चांगला, कुणाला नाही म्हणायचं माहीत नाही. त्याच्या पुढ्यात नोटीस आली. तिच्यात आयपी होता, पोर्ट नंबर होता, वेळ होती ०९:१२:४० आणि पुढं यूटीसी. पोरानं सर्व्हरवरनं त्या दिवसाचा सगळा लॉग, म्हणजे कोण कधी नेटवर होतं त्याची नोंद, काढला, एक्सेलमध्ये टाकला, ९ वाजून १२ मिनिटांची ओळ शोधली, त्या पोर्टपुढं जो ग्राहक नंबर होता त्यावरनं नाव काढलं आणि सरळ फोन लावला. मॅडम, तुमच्या नेटवरनं पिक्चर चोरल्याची कंप्लेंट आलीया, तुमचं नाव वकिलाकडं जायचंय.

मॅडम म्हणजे आमच्या शाळेतल्या बाई. रिटायर होऊन दहा वर्षं झालेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला बाई ऑफिसात. हातात भाजीची पिशवी, त्यात मेथी आणि आमच्या बिलांची फाइल. दादा त्यांचा विद्यार्थी, त्यामुळं चाळिशी ओलांडलेला माणूस खुर्चीतनं उठून सरळ उभा राहिला.

"बाई, बसा की."

"बसायला नाही आले. मी पस्तीस वर्षं मराठी शिकवलं रे, एवढ्या वर्षांत कुणाची खडूची कांडी घरी नेली नाही. काल तुझा मुलगा म्हणतो तुम्ही सिनेमा चोरला. नऊ वाजता मी देवापुढं असते, यूट्यूबवर अथर्वशीर्ष लावलेलं असतं. ते चोरीचं आहे का?"

"नाही ओ बाई."

"मग माझं नाव तू कुणाला दिलंस ते सांग आधी."

ह्या एका प्रश्नावर दादाचा चेहरा उतरला, कारण ते त्यालाही माहीत नव्हतं. मला आत बोलावलं, सेंट बॉक्स उघडायला लावला. पोरानं उत्तर पाठवलं होतं. बाईंच्या फॉर्मचा स्कॅन, आधार कार्डासकट, आणि त्याच्या जोडीला ती सगळीच्या सगळी एक्सेल शीट. म्हणजे बाईच नाहीत, त्या दिवशी आमच्या नेटवर जेवढी घरं होती त्या सगळ्यांचा हिशोब, कोण किती वाजता कुठल्या पत्त्यावर गेलं. आणि खाली लगेच सर्व्हरचं उत्तर, मेल गेला नाही, अटॅचमेंट मर्यादेपेक्षा मोठी आहे. आमच्या मेलला १० एमबीची मर्यादा होती. त्या मर्यादेला मी त्याआधी किती शिव्या दिल्या असतील, त्या दिवसापासनं एकही नाही.

दादा पोराला काही बोलला नाही हे विशेष. पोरगा म्हणतोय, "दादा, मी टाइम बघूनच काढलोय की." दादानं त्याला नोटीस परत वाचायला दिली आणि वेळेच्या पुढच्या तीन अक्षरांवर बोट ठेवलं. यूटीसी. म्हणजे जगाचं प्रमाण घड्याळ, आपलं त्याच्या साडेपाच तास पुढं. सकाळचे नऊ बारा म्हणजे आपल्याकडं दुपारचे दोन बेचाळीस. त्या वेळेला तो पोर्ट बाईंकडं नव्हताच, दुसऱ्याच घरात होता.

इथं थोडं मशीनचं सांगतो, कंटाळा आला तर पुढचा पॅरा सोडून द्या. तुम्हाला वाटतं तुमच्या घराला एक आयपी पत्ता आहे, पण छोट्या नेटवाल्याकडं तसं बहुतेक नसतंच. जुन्या पद्धतीचे पत्ते जगातच संपत आलेत आणि विकत घ्यायचे तर महाग, म्हणून शेकडो घरं एकाच बाहेरच्या पत्त्यामागं बसवलेली असतात. आत प्रत्येकाला १००.६४ असला काहीतरी आतला पत्ता, आणि बाहेर पडताना सगळ्यांच्या कपाळावर एकच. वाड्याला एकच दिंडी दरवाजा आणि आत चाळीस बिऱ्हाडं असतात तसं. कुठलं बिऱ्हाड बाहेर पडलं हे फक्त पोर्ट नंबर आणि अचूक वेळ ह्या दोन्हीवरनं कळतं, आणि ते पोर्टसुद्धा दिवसभरात ह्या घरातनं त्या घरात फिरत असतात. नोटिशीत पोर्ट नसेल, वेळ दोन मिनिटं इकडंतिकडं असेल, किंवा वाचणाऱ्यानं साडेपाच तास विसरले, की अथर्वशीर्ष ऐकणारी बाई चोर. आणि समजा घर बरोबर सापडलं, तरी घरातलं कोण? वायफायचा पासवर्ड भाडेकरूला, ट्यूशनच्या पोरांना, शेजारच्या काकूंना दिलेला असतोच. आपल्याकडं पाहुण्याला पाण्यानंतर पासवर्डच देतात.

हे फक्त सांगलीत होतं असं समजू नका. अमेरिकेत सप्टेंबर २००३ मध्ये तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं, आरआयएएनं, एका दमात २६१ लोकांवर केस टाकल्या, गाणी वाटली म्हणून. त्यात मॅसॅच्युसेट्समधली ६६ वर्षांची एक शिल्पकार आजी होती. आरोप काय, तर कझा नावाच्या सॉफ्टवेअरवरनं गाणी वाटली. आजीकडं होता मॅक, आणि कझा मॅकवर चालायचंच नाही. केस मागं घ्यावी लागली. त्याच २६१ मध्ये न्यूयॉर्कची १२ वर्षांची पोरगी पण होती, तिच्या आईनं २,००० डॉलर भरून मिटवलं.

एवढी नावं त्यांना मिळाली कशी, तर अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए नावाच्या कॉपीराइट कायद्यात एक वाट होती. न्यायाधीशासमोर जायचंच नाही, कोर्टाच्या कारकुनाकडं फॉर्म भरायचा, त्याचा शिक्का घ्यायचा आणि नेट कंपनीला धाडायचा, की द्या नाव. २००२ च्या जुलैत असा एक कागद व्हेरायझन ह्या नेट कंपनीकडं गेला, एकाच दिवसात ६०० च्या वर गाणी उतरवणाऱ्या कुणाचं तरी नाव मागायला. व्हेरायझन म्हणाली देणार नाही. खालच्या कोर्टात हरली, तरी अपिलात गेली, आणि १९ डिसेंबर २००३ ला वॉशिंग्टनच्या अपील कोर्टानं निकाल दिला की जी कंपनी फक्त पाइपसारखी डेटा वाहून नेते, गाणी स्वतःच्या मशीनवर ठेवत नाही, तिच्याकडनं ह्या शॉर्टकटनं नाव मागता येत नाही. नाव पाहिजे तर रीतसर केस घाला. आता व्हेरायझनला गिऱ्हाइकांची लई माया होती असं माझं म्हणणं नाही, हजारो असले कागद रोज यायला लागले असते तर ते सांभाळायला माणसं लागली असती, धंद्याचाच हिशोब होता. पण हिशोबानं का होईना, अडवलं.

स्वीडनमधल्या बानहोफ ह्या नेट कंपनीचा मात्र मला खरंच आदर वाटतो. तिथं १ एप्रिल २००९ ला इप्रेड नावाचा कायदा लागू झाला, की हक्कदारानं कोर्टात पुरावा दिला तर नेटवाल्यानं आयपीमागचं नाव द्यायचं. बानहोफचे मालक योन कार्लुंग ह्यांनी काय केलं, लॉगच ठेवायचं बंद केलं. कायदा मागितलं तर द्या म्हणत होता, ठेवाच असं म्हणत नव्हता. वहीच नाही तर पान कुठलं फाडून देणार. पुढं २०१८ मध्ये एल्सव्हियर ह्या प्रकाशकानं कोर्टाकडनं साय-हब ही शोधनिबंध फुकट देणारी साइट बंद करायला लावली, तेव्हा ह्यांनी हुकूम पाळला आणि निषेध म्हणून आपल्या नेटवर एल्सव्हियरची वेबसाइटपण अडवली. आमच्याकडच्या भाषेत इरसाल माणूस.

दादाला मी हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला आपलं लायसन जाईल गड्या.

आणि ते खरंय. आपल्याकडं लॉग ठेवायचा का नाही हा प्रश्नच नाही. टेलिकॉम खात्याच्या लायसनमध्येच ते लिहिलेलं असतं, आधी एक वर्ष ठेवायचे होते, डिसेंबर २०२१ मध्ये ते दोन वर्षं केले. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन ह्या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं व्हीपीएनवाल्यांना, म्हणजे ग्राहकाचा खरा आयपी झाकून देणाऱ्या कंपन्यांना पण ग्राहकांची नावं, पत्ते पाच वर्षं ठेवा म्हणून सांगितलं, तेव्हा एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन असल्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच उचलले. म्हणजे इथं वही असणारच आणि जाड असणार. मग उरतं काय, तर ती कुणापुढं उघडायची, एवढंच नेटवाल्याच्या हातात.

ह्यावर दादानं त्या प्रकरणानंतर मिरजेतल्या एका वकिलांना विचारलं, फी देऊन, नाहीतर आपल्यात चहा पाजून विचारायची पद्धत आहे. त्यांनी जे सांगितलं ते माझ्या शब्दात. पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यानं लेखी आदेश दिला, तेव्हा सीआरपीसी ह्या जुन्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं ९१ कलम होतं, जुलै २०२४ पासनं त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं ९४, तर द्यावं लागतं, जेवढं मागितलंय तेवढंच. कोर्टाचा आदेश आला तर द्यावं लागतं. आणि कॉपीराइटचा भंग फुसका गुन्हा समजू नका, कलम ६३ ला तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि तो दखलपात्र, अजामीनपात्र आहे असं सुप्रीम कोर्टानं मे २०२२ मध्ये सांगितलंय. पण खाजगी कंपनीचा किंवा तिच्या एजन्सीचा ईमेल म्हणजे ह्यातलं काहीच नाही. ती फक्त विनंती आहे. २०१३ च्या कॉपीराइट नियमांत ३६ तास आणि २१ दिवसांची जी भानगड आहे ती मजकूर तात्पुरता अडवायची आहे, ग्राहकाची कुंडली द्यायची नाही. आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा मूलभूत हक्क आहे म्हणून सांगितल्यावर आधार कार्डाचा स्कॅन ईमेलला जोडताना हात थरथरायला पाहिजे एवढं तरी कळायला हवं होतं आम्हाला.

२०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आला तेव्हा मला वाटलं झालं, आता सुटलो, डेटा नीट सांभाळला नाही तर २५० कोटींपर्यंत दंड. मग वाचलं तर कायदेशीर हक्क बजावण्यासाठी लागणाऱ्या माहितीला त्यातनं बरीच सूट आहे. आता एजन्सीवाले तेच पुढं करणार, आम्ही हक्कच बजावतोय की. माझं मत विचाराल तर ही सूट कोर्टात गेलेल्या माणसासाठी असायला पाहिजे, लोगोवाल्या ईमेलसाठी नाही.

मोठ्या पिक्चरवाल्यांना आपल्याकडं नावांची तशी गरजपण पडत नाही म्हणा. ते हायकोर्टात जाऊन अशोक कुमार नावाच्या अज्ञात माणसावर केस घालतात आणि साइटच बंद करून घेतात. २०१९ मध्ये दिल्ली हायकोर्टानं तर साइटनं नाव बदललं तरी नवीन नाव यादीत घालायची सोय करून दिली. त्या याद्या आमच्याकडं यायच्या, आम्ही ब्लॉक टाकायचो, विषय संपला. २०१२ मध्ये अशाच एका मद्रासच्या आदेशावरनं काही नेटवाल्यांनी व्हिमिओ ही व्हिडिओची साइट अख्खीच बंद केली होती, मग कोर्टाला सांगावं लागलं की बाबांनो ठरावीक लिंकच बंद करा. घाबरलेला नेटवाला नेहमी मागितलं त्यापेक्षा जास्त देतो, आमच्या पोरानं तेच केलं.

घाबरायला कारणं आहेत हेही खरं. अमेरिकेत कॉक्स नावाच्या कंपनीवर डिसेंबर २०१९ मध्ये ज्युरीनं १०० कोटी डॉलर बसवले, गिऱ्हाइकं गाणी चोरतात आणि तुम्ही त्यांची लाईन कापत नाही म्हणून. २०२४ मध्ये वरच्या कोर्टानं तो आकडा रद्द केला, पण आकडा ऐकूनच गल्लीतल्या नेटवाल्याला घाम फुटतो.

मला आवडलेला निकाल ऑस्ट्रेलियातला. २०१५ मध्ये एका हॉलिवूड पिक्चरवाल्यांनी आयआयनेट आणि आणखी काही कंपन्यांकडनं ४,७२६ आयपीमागची नावं मागितली. न्यायमूर्ती पेराम म्हणाले नावं मिळतील, पण तुम्ही त्या लोकांना जे पत्र धाडणार ते आधी मला दाखवा. पत्र बघितल्यावर कळलं की पिक्चरच्या किमतीवर ह्यांचं समाधान नाही, त्या माणसानं आणखी काय काय उतरवलंय त्याचेही पैसे मागायचेत. कोर्ट म्हणालं असं नाही चालणार, आधी ६ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर अनामत ठेवा. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांनी नादच सोडला. मला हे फार पटतं. नाव देऊच नये असं नाही, पण नाव घेऊन तू करणार काय हे कुणीतरी विचारायला पाहिजे. आणि घेतल्यावर ठेवणार कुठं? इंग्लंडमध्ये एसीएस लॉ नावाची वकिलांची फर्म अशीच नावं गोळा करून पत्रं धाडायची. २०१० मध्ये त्यांच्या वेबसाइटवरनं सगळे ईमेल बाहेर फुटले आणि हजारो लोकांची नावं, पत्ते, वर कुठला अश्लील पिक्चर बघितल्याचा आरोप आहे ते सगळं गावभर. त्यातल्या बीटी ह्या नेट कंपनीनं तर साध्या एक्सेल शीट धाडल्या होत्या, पासवर्डसुद्धा नाही. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यापुढं आमचं काउंटर आलं.

चोरीची बाजू घेतोय असं वाटत असेल तर थांबा. माझा एक मित्र इथं नाटकं करतो. सांगलीत नाटक करणं म्हणजे काय ते सांगायला नको, १८४३ पासनंचा वारसा, घरची भाकरी खाऊन तालमी. त्याची एकांकिका कुणीतरी मोबाइलवर शूट करून यूट्यूबला टाकली, शेवटासकट. तो आठवडाभर नीट जेवला नाही. त्यानं तक्रार टाकली, काही दिवसात व्हिडिओ निघाला. टाकणाऱ्याचं नाव ह्याला कुणी दिलं नाही आणि ह्यानं मागितलंही नाही. त्याला व्हिडिओ काढायला पाहिजे होता. नाव मागणारे आणि माल काढायला सांगणारे ही दोन वेगळी माणसं आहेत, आणि पहिल्यांना बहुतेकदा पैसे पाहिजे असतात.

आता दादाच्या ऑफिसात पद्धत बदललीय. लॉगचा पासवर्ड त्याच्या एकट्याकडं. काउंटरवर एक कागद चिकटवलाय, मराठीत, की कुणाचीही माहिती ईमेलवर द्यायची नाही, पोलीस आले तर पाणी द्यायचं आणि दादाला फोन करायचा. त्याच्याखाली त्याच पोरानं स्केचपेननं लिहिलंय, + ५.३०.

बाईंचं सांगायचं राहिलं. दादानं त्यांना सगळं समजावलं, माफी मागितली, ईमेल गेला नाही हे स्क्रीनवर दाखवलं. मग त्या बसल्या. चहा आला. चष्मा काढून पुसला, परत घातला आणि आवाज खाली घेऊन म्हणाल्या,

"मग दोन बेचाळीसला कोण होतं रे?"

दादा गप्प.

"आमच्याच गल्लीतला आहे ना? तो कोपऱ्यावरचा, दिवसभर गॅलरीत असतो तो?"

"बाई, चहा घ्या, गार होतोय."

"अरे मी कुणाला सांगणार आहे?"

दादानं बशी पुढं सरकवली. बाईंनी चहा घेतला, सहा महिन्यांचं रिचार्ज केलं, पावती फाइलला लावली आणि जाताना दारातनं परत एकदा वळून बघितलं. दादा मान खाली घालून पावतीबुक चाळत होता. अजून बाजारात भेटल्या की मला विचारतात.